भिंतीवरची मुंगी

मालेगाव (जहांगीर),
संक्रांत चार दिवसांवर

प्रिय तनु, आमच्या रुसलेल्या कप्तानबाई,

तू फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र. माझं नाव दिसलं की तू फोन पालथा घालून ठेवतेस, असं तुझ्या आईनं, गोजराबाईंनीच मला सांगितलं. घाल बापडी. हे पत्र पालथं घातलंस तर मागच्या बाजूलाही मीच आहे. तुझा नवरा, म्हणजे आमचे जावईबापू, शनिवारी तुला भेटायला आसेगावला निघतील, तेव्हा त्यांच्या खिशात हे घालून देईन आणि तू वाचून संपवेपर्यंत समोरून हलायचं नाही असं बजावीन. दुकानात संक्रांतीची झुंबड आहे. एका बाईच्या हातात बांगड्या भरायच्या, ती उठली की दुसरी बसेपर्यंत दोन ओळी लिहायच्या, असं सकाळपासून चाललं आहे. रऊफमियाँ गल्ल्यावरून बघतायत, ऐन धंद्याच्या दिवसांत बायकोला काय भूत लागलं म्हणून. बघू देत. तुझ्याशी बोलल्याशिवाय मला आता चैन पडत नाही.

आधी आपल्या व्यायामाच्या ओळीची खबर देते. तू माहेरी गेल्यापासून बायांनी तुझ्या जागी मला उभं केलं आहे. मला! शाळेत पी.टी.च्या तासाला जिचं डोकं नेमानं दुखायचं, तिला. बाजार समितीच्या आवारात, लिलावाच्या शेडखाली, थंडीत कानाला ओढण्या आणि मफलर गुंडाळून बाया उभ्या राहतात आणि मी त्यांना हात वर करा म्हणते. परवा मी तोंडानं उजवीकडे म्हटलं आणि स्वतः वळले डावीकडे. अर्ध्या बाया माझं ऐकून वळल्या, अर्ध्या मला बघून. नाकाला नाक भिडलं. मग जे हसू फुटलं त्यात व्यायाम राहिला बाजूला, आणि एक हमाल पोतं खाली ठेवून आमचा तमाशा बघत उभा राहिला. हसायला येतात, हे खरं. पण रोज एखादी कमी दिसते. कुणाला थंडी बाधते, कुणाकडे पाहुणे येतात. तुला ठाऊक आहे, ओळ मोडते ती अशीच. नागपूरला पाठवायचं डाळीचं पोतंही अर्धंच भरतंय. ललिताबाईंनी इतकी वर्षं जपलेली ओळ माझ्या हातून सुटते की काय या भीतीनं माझा जीव टांगणीला लागला आहे.

या पंचवीस तारखेला बाईंना जाऊन दोन वर्षं होतील. सकाळी व्यायाम करून घरी गेल्या, चहा प्यायल्या, खुर्चीत टेकल्या आणि गेल्या. असं मरण मागून मिळत नाही. बायांनी ठरवलंय की फोटोला हार-बिर घालून भाषणं करायची नाहीत, बाईंना ते आवडलं नसतं. त्या दिवशी सगळ्यांनी, ज्यांनी ओळ सोडली त्यांनीसुद्धा, मूठभर डाळ घेऊन यायचं आणि तू पुढे उभी राहून व्यायाम घ्यायचास. हाच निरोप मी जावईबापूंबरोबर पाठवला होता. तू उलट काय कळवलंस ते त्यांनी मान खाली घालून मला सांगितलं. "मी पुढं उभी राह्यली तं बाया माह्याकडे पाहून म्हनतीन, हे रोज व्यायाम करे, हिलेच कॅन्सर झाला, मंग आपन काहून करा?" तनु, हे ऐकलं आणि त्या दिवशी माझ्या हातून दोन बांगड्या वाढल्या. तुझ्या बोलण्याला उत्तर आहे माझ्याकडे. पण ते द्यायला मला धीर गोळा करावा लागेल, तोवर थोड्या जुन्या गप्पा मारू दे.

बाईंनी ही ओळ सुरू केली तेव्हा तू आसेगावला शाळेत जात असशील. त्या आमच्या शाळेत पी.टी. शिकवायच्या. साडीचा पदर खोचून मुलींबरोबर स्वतः दोरीवरच्या उड्या मारणारी मास्तरीण मालेगावनं तोवर पाहिली नव्हती. माझं लग्न गावातल्या गावात झालं, मी या बांगड्यांच्या दुकानात आले आणि बाई माझ्या गिऱ्हाईक झाल्या. मग एक वर्ष त्या लांब रजेवर नागपूरला भावाकडे गेल्या. परत आल्या त्या अंगानं निम्म्या होऊन, डोक्यावरचे केस मुलग्यासारखे आखूड. टायफॉईड झाला, केस गेले, असं त्यांनी सांगितलं. टायफॉईडमध्ये केस जातातच, त्यामुळे कुणी दुसरा प्रश्न विचारला नाही. एवढ्या अशक्त बाईनं आता घरी पडून राहावं की नाही? तर थोड्याच दिवसांत त्या माझ्या दुकानाच्या पायरीवर येऊन बसायला लागल्या आणि येणाऱ्या बायकांना पहाटे व्यायामाला चला म्हणायला लागल्या.

त्यांची युक्ती ऐक. बांगड्या भरून घेणारी बाई पळून जाऊ शकत नाही. तिचा हात माझ्या मुठीत असतो. तेवढ्यात बाई तिला गाठायच्या. कंबर दुखते का, जिना चढताना दम लागतो का, असं विचारत विचारत तिला पार घोळात घ्यायच्या. आणि मला डोळ्यानं खूण, सावकाश भर. बायका कबूल व्हायच्या, पण घरून निघणार कशा? पहाटे उठून हातपाय हलवायला बाजार समितीत जाते, असं कुठल्या सासूला सांगायचं? तेव्हा बाईंनी डाळीची गोष्ट काढली. नागपूरला कॅन्सरच्या दवाखान्याजवळ एक धर्मशाळा आहे, खेड्यापाड्यांतून आलेले रोगी आणि त्यांची माणसं तिथे फुकट राहतात, त्यांचं स्वयंपाकघर लोकांनी दिलेल्या धान्यावर चालतं. तिथे पाठवायला रोज मूठभर डाळ द्यायची. व्यायामाला अडवणारी सासू दानाला कशी अडवणार? पदराच्या गाठीत डाळ बांधली की बाई घराबाहेर. कित्येक घरांत तर सासवाच म्हणायला लागल्या की आज गेली नाहीस का गं, डाळ चुकेल. आमच्या मोहल्ल्यातल्या बायकाही खैरात म्हणून यायला लागल्या. बुरखे शेडच्या खिळ्यांना लटकवायचे आणि ओळीत उभं राहायचं.

वजनाचं मापही बाईंनी माझ्याच गळ्यात घातलं. आवारातला पोती मोजायचा काटा होता, पण त्यावर चढायला एक बाई तयार होईना. मग महिन्याच्या पहिल्या तारखेला माझ्या दुकानात हात मोजायचा. अडीचच्या बांगडीवरून जी सव्वादोनवर आली तिला बाईंकडून शाबासकी आणि माझ्याकडून एक काचेची बांगडी भेट. एका बाईनं तर घरून हाताला साबण चोळून आणला होता. बांगडी सुर्रकन गेली, शाबासकी मिळाली, आणि घरी जाताना ती सुर्रकन गळून रस्त्यात पडली. रऊफमियाँना पहिल्यांदा वाटलं की बाईंच्या नादानं मी दुकान बुडवणार. पण व्यायामात इतक्या बांगड्या वाढायच्या की आमचा धंदाच वाढला. तेव्हापासून सकाळचा चहा त्यांच्याकडून फुकट येतो, तो आजवर.

आणि ते पहिलं पोतं! तुला ही गोष्ट तुकड्यातुकड्यांनी माहीत असेल, सगळी सांगते. बाईंनी डाळ आणा म्हटलं, कुठली ते सांगितलंच नाही. जिच्या घरात जी, ती तिनं आणली. कुणी तूर, कुणी मूग, आमच्याकडून मसूर, कुणी हरभरा, आणि सगळ्यांनी ती एकाच पोत्यात ओतली. पोतं भरलं, शिवलं आणि मग कुणाच्या तरी ध्यानात आलं की हे शिजणार कसं? मसुराचा लगदा होईल तोवर हरभरा दातांखाली कडकडेल. बाई आम्हांला बोल बोल बोलल्या. सगळ्या जणी निवडायला बसल्या, पण एवढी मिसळलेली डाळ निवडून होते का? तोवर नागपूरची बस आली. बाबूसिंग कंडक्टर आठवतो ना, मानोऱ्याकडच्या तांड्यावरचा? त्यानं पोतं उचललं आणि गेला. आठवडाभर आम्ही शरमेनं मेल्या होतो. मग बाबूसिंग निरोप घेऊन आला. धर्मशाळेच्या आचाऱ्यानं ती सगळी डाळ रात्रभर भिजवली, मऊ शिजवली, घोटली आणि तिचं पातळ वरण केलं. औषधांनी तोंड आलेले, अन्नावरची वासनाच उडालेले रोगी ते वाटीवाटीनं प्यायले आणि पुन्हा मागायला लागले. पुढचं पोतंही असंच मिसळून पाठवा, म्हणे. बाबूसिंग सांगत होता आणि बाई त्याच्याकडे न बघता शेडच्या खांबाकडे बघत होत्या. डोळे भरले होते त्यांचे. बायांना वाटलं, चूक निभावली म्हणून.

आता मुंगीबद्दल. सगळा व्यायाम झाला की शेवटी गोदामाच्या भिंतीशी उभं राहायचं, हात भिंतीवर टेकवायचा आणि बोटं एकेक करत वर चढवत न्यायची, हात पुरेल तिथवर. मग हळूहळू खाली. पुन्हा वर. आम्ही त्याला मुंगी म्हणायचो. धडधाकट बायकांना यात काय व्यायाम? आम्ही खुसखुसायचो, भिंत पडेल म्हणायचो. बाकी सगळ्या बाबतींत बाई हसू चालवून घ्यायच्या, मुंगीच्या वेळी नाही. त्या स्वतः आमच्यासारख्याच ओळीत भिंतीशी उभ्या राहायच्या, लांब बाह्यांच्या पोलक्यात, भर मे महिन्यातसुद्धा, आणि डाव्या हाताची बोटं इतकं मन लावून वर न्यायच्या की जणू वर काही ठेवलं आहे आणि ते काढायचंच आहे. भिंतीचा चुना तेवढ्या पट्ट्यात निघून गेला आहे, तू बघितलाच आहेस. आणि मुंगी झाली की त्यांचं ते दुसरं बोलणं. आंघोळीच्या वेळी स्वतःच्या अंगाला हात लावून पाहायचं, गाठ लागते का बघायचं, लागली तर लाजायचं नाही, लपवायचं नाही. भर बाजार समितीत! पहिल्यांदा ऐकलं तेव्हा आम्ही पदर तोंडावर घेतला होता. त्या म्हणायच्या, लाजून घ्या आत्ताच, दवाखान्यात लाजायले वेळ नाही भेटत.

मग तू आलीस. आसेगावच्या मळ्यातली, रंगरावांची लेक, वांग्या-टोमॅटोची टोपली डोक्यावर घेऊन नाल्यातून चढणारी. नवी नवरी म्हणून बांगड्या भरायला आलीस आणि तुझा हात धरल्याबरोबर मी बाईंना म्हटलं, ही तुमच्या कामाची आहे. तू आलीस त्या दिवसापासून ओळ बघण्यासारखी झाली. बाईंचा आवाज थकला तेव्हा त्यांनी न बोलता तुला खांद्याला धरून पुढे उभं केलं, आणि बाई गेल्यावर कुणी विचारलंही नाही की आता कोण. आम्हांला तूच दिसत होतीस. मला तर तुझा अभिमान वाटायचा, जसा आपल्या पोटच्या पोरीचा वाटतो. हे मी तुला कधी म्हटलं नाही, आता म्हणते.

गेल्या वर्षी तुझ्या हाताला ती गाठ लागली. बाईंचं ऐकलंस, लपवली नाहीस, आठवड्याच्या आत नागपूर गाठलंस. डॉक्टर म्हणाले ना, लवकर आलात म्हणून सोपं झालं? ऑपरेशन झालं, औषधं झाली, आपल्याच डाळीचं वरण तू तिथे प्यायलीस आणि मला फोनवर म्हणालीस की मीठ कमी आहे. मी फोन ठेवून किती रडले आणि किती हसले, काय सांगू. त्याच्या पुढचा तुझा फोन मला शब्द न् शब्द आठवतो. ऑपरेशननंतर हात वर जाईना, म्हणून तिथल्या नर्सनं तुला व्यायाम शिकवला आणि तू चकित होऊन मला सांगितलंस, "आपा, हे तं आपली मुंगी हाये! बाईले कुठून मालूम?" मी म्हटलं, पुस्तकात वाचलं असेल. तेव्हा दुसरं काय बोलणार होते? माझ्या तोंडाला कुलूप होतं.

तनु, त्या कुलपाची किल्ली आता फेकून देते. टायफॉईड नव्हता. नागपूरला त्यांचा भाऊही नव्हता. त्या वर्षी रजेवरून आल्यावर दुपारी दुकानात कुणी नसताना बाई बांगड्या भरायला आल्या. उजव्या हातात नेहमीच्या सव्वादोनच्या सहज गेल्या. डावा हात धरला तर तो सुजलेला, मनगटापासून वरपर्यंत. अडीचच्याही जेमतेम जातील असा. पडलात का, म्हणून मी विचारलं. त्यांनी रस्त्याकडे एकदा बघितलं आणि सगळं सांगितलं. डाव्या बाजूचं ऑपरेशन, मग औषधं, मग केस. राहिल्या होत्या त्याच धर्मशाळेत, तू राहिलीस तिथेच. मुंगी तिथल्या एका नर्सनं शिकवलेली. ती रोज करायलाच हवी होती, नाही तर हात जखडला असता. पण एकटीच बाई रोज भिंतीशी उभी दिसली तर लोक विचारणार, म्हणून त्यांनी अख्ख्या मालेगावच्या बायांना भिंतीशी उभं केलं! तुला हसू आलं का? मला तर आजही येतं. त्या काळी या दुखण्याचं नाव निघालं तरी घरात ताट-वाटी वेगळी व्हायची. त्या मला म्हणाल्या, "मेहर, लोकायले समजलं तं ते व्यायामाले नाही येनार, मले पाहाले येतीन. कोनाले सांगू नोको, तुले तुह्या अल्लाची आन हाये." त्या दिवसापासून मी त्यांना डाव्या हातात अडीचच्या आणि उजव्यात सव्वादोनच्या भरत आले, एकाच रंगाच्या, कुणाच्या डोळ्यांवर येऊ नये म्हणून. रऊफमियाँनाही कळू दिलं नाही.

म्हणून हे पत्र. अल्लाची आण मोडली, त्याची माफी मी नमाजात मागेन, तो दयाळू आहे. बाई तशा दयाळू नव्हत्या, त्यांच्याशी वर गेल्यावर भांडून घेईन. तू आजारी असताना मी गप्प राहिले, वाटलं तू बरी होशील आणि आपसूक येशील. पण तुझा तो निरोप ऐकल्यावर गप्प बसणं मला जमेना. तूच लाजून घरात बसलीस, तर बाईंचं गुपित राखून मी कुणाचं भलं करणार होते? हे तू बायांना सांग किंवा सांगू नकोस, ते मी तुझ्यावर सोडलं. पंचवीसला मला मात्र ओळीत उभं राहायचं आहे, पुढे नाही, मागे, नेहमीच्या जागी, वळताना चुकायला. बाया तुझ्याकडे पाहून काय म्हणतील ते मला ठाऊक नाही, तनु. पण तीस वर्षं रोज पहाटे त्या जिच्याकडे पाहत होत्या, तिलाही झाला होता.

तुझीच, उजवं-डावं न कळणारी,
मेहरबी आपा